पांढुर्ण्याला गेलेली माझी डाक

आमच्या आळीतल्या सगळ्या बायका एकाच दुपारी फसल्या. सगळ्यांत आधी मी फसले, कारण आळीत शिकलेली मीच होते. पाचवी पास. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या थोडा वेळ तरी बिचकल्या. मी बिचकले नाही.

हे ऐंशीनंतरच्या सालांतलं. आमचं गाव मध्य प्रदेशात, सौंसर-पांढुर्णा रस्त्यावर. बाजाराचं गाव, म्हणून गावात डाकघर होतं आणि डाकघराला जबलपूरकडचे हिंदी बोलणारे पोस्टमास्तर होते. दिवस कापूस वेचणीचे. पण त्या दिवशी बाजार होता, म्हणून वेचणी बंद होती. पुरुष बाजारात गेले होते आणि आम्ही बायका ओट्यावर बसलो होतो.

तेवढ्यात तो आला. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, एका हातात शाईची गादी आणि दुसऱ्या हातात शिक्का. शिक्का असला की आमच्याकडं माणसाला बसायला बाज मिळते. त्यालाही मिळाली. चहाही मिळाला, माझ्याच घरचा.

"डाकघरातून आलो, बाई," तो म्हणाला. "वरून नवा नियम आला. ज्याचं पक्कं कार्ड नाई त्याची डाक बंद."

"बंद म्हंजे?" मी विचारलं.

"बंद म्हंजे परत. ज्यानं धाडली त्याच्याकडं परत. आज आखरी दिवस हाय."

दुसऱ्या कोणत्या वर्षी तो आला असता तर मी त्याला म्हटलं असतं, जाऊ दे परत. मला कोण लिहितं? भावाचं वर्षाला एक कार्ड, तेही राखी पोचल्याचं. पण त्या वर्षी मी एका कागदाची वाट पाहत होते. गावात अंगणवाडी निघणार होती. सहायिकेच्या जागेसाठी मी सौंसरला जाऊन अर्जी दिली होती. साहेबासमोर उभी राहून पाढे म्हटले होते, दलियाला किती पाणी लागतं तेही सांगितलं होतं. साहेबानं आयुष्यात दलिया शिजवला नसावा, पण मान डोलावली. बाबू म्हणाला होता, "निवड झाली तर आदेश डाकेनं येईल. तो घेऊन मुदतीत हजर व्हायचं. नाही आलात तर दुसरी बाई आहेच."

ती दुसरी बाई कोण तेही मला माहीत होतं. ठेकेदाराची भाचेसून. तिच्या दारात ट्रॅक्टर होतं. तिला ती जागा एवढ्यासाठी पाहिजे होती की घरात बसून तिला कंटाळा यायचा. मला कंटाळा यायला वेळ नव्हता. मी लोकांच्या कपाशीत वाकत होते आणि संध्याकाळी मजुरी नवऱ्याच्या हातात पडत होती, कारण शेतमालक बाईच्या हातात द्यायला लाजायचा. सरकारी जागेचं मानधन माझ्या हातात पडणार होतं. मला एवढंच कळत होतं आणि एवढंच पुरे होतं.

म्हणून 'आखरी दिवस' ऐकल्यावर मी बाजेजवळ सरकले.

त्यानं पिशवीतून छापील कार्डं काढली. "नाव?" मी सांगितलं. "पतीचं नाव?"

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. त्या हिशेबानं आमच्या गावचे पुरुष सहज शंभरी गाठायला पाहिजे होते. गाठत नव्हते. मतदार यादीला आलेला शाळामास्तर ह्याच पायी एका आळीत अर्धा दिवस घालवायचा. एक म्हणायची, "देवाचंच नाव हाय जी, गदा असते त्या देवाचं." दुसरी म्हणायची, "माह्या नणदेच्या सासऱ्याचं जे हाय, तेच." मास्तर घाम पुसत पुसत देव आणि सासरे जुळवत बसायचा.

हा माणूस मात्र हुशार होता. "राहू द्या, बाई," तो म्हणाला. "पाप कायले घेता डोक्यावर? दारावर पाटी हाय ना, तिथून मी उतरवून घेतो. तुम्ही फक्त खाली सही करा."

"किती भला माणूस!" माझी सासू म्हणाली. सासूला मी मामी म्हणायची. "तो मास्तर मेला घंटा घंटा बसून नाव वदवून घेते. ह्याले अक्कल हाय."

अक्कल होतीच. तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही पहिले करा, म्हंजे बाकीच्यांची भीती जाते." मी कोऱ्या कार्डाखाली सही केली. चांगली वळणदार केली. मग त्यानं विचारलं, तुम्हाला चिठ्ठी कोण कोण धाडते, त्यांचे पत्ते द्या, म्हणजे त्यांची डाक अडणार नाही. मी नागपूरच्या भावाचा पत्ता दिला, बोरगावच्या बहिणीचा दिला, लोधीखेड्याच्या मावशीचा दिला. बाकीच्यांनी अंगठे दिले आणि आपापल्या माणसांचे पत्ते मलाच सांगायला लावले, कारण त्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहायची. त्यानं कार्डांवर शिक्के मारले. शाई ओली होती म्हणून मी त्यावर फुंकर मारली.

तो गेल्यावर सासूनं त्याची कपबशी स्वतः धुतली.

नंतरचे दिवस मी डाकियाला रोज विचारायची, "माहं काही?" तो सायकलवरून न उतरता म्हणायचा, "नाई." ठेकेदाराची भाचेसून विहिरीवर भेटली की गोड आवाजात विचारायची, "काय वो काकू, आलं का तुमचं?" मी म्हणायची, येईल. ती म्हणायची, "येईल, येईल," आणि बादली अशी आपटायची की पाणी माझ्या पायावर यावं.

असं चालू असताना एका दुपारी माझा नागपूरचा भाऊ दारात उभा राहिला. मी तेव्हा कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा भारा डोक्यावरून उतरवत होते. त्याच्या हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि जाळीच्या पिशवीत संत्री होती. आमच्या भागातली संत्री ट्रकानं नागपूरला जातात. त्यानं ती तिथं विकत घेतली आणि छोट्या रेल्वेगाडीनं पुन्हा सौंसरला आणली.

तो माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहत राहिला. "तू उभी हायस?"

"मंग काय करू?"

"अवं, तू मरून राहिली होतीस ना?"

"कोण सांगतलं?"

"तूच लिहिलं!" त्यानं खिशातून अंतर्देशीय काढलं. त्याला राग आला होता. मी धडधाकट आहे ह्याचा त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, पण माणूस एवढ्या लांबून आजारी बहिणीला पाहायला येतो आणि बहीण भारा वाहताना सापडते तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं. मी चिठ्ठी वाचली. 'तीर्थरूप दादांच्या चरणी साष्टांग नमस्कार. आपल्या लाडक्या बहिणीच्या पोटाचे ऑपरेशन ठरले आहे. आपल्यावाचून मला कोणाचा आधार? कृपया नेहमीच्या पत्त्यावर मनिऑर्डर करावी.' खाली माझं नाव.

"दादा," मी म्हटलं, "जन्मात मी तुले 'चरणी' लिहिलं काय?"

"नाई लिहिलं."

"'लाडकी' लिहिलं?"

"तेच तं मी तुह्या वहिनीले म्हटलं. मी म्हटलं, पाह्य, आजारपणानं सुधरली."

"अन् पैसे धाडले?"

"धाडले ना. नाव तुहं, पत्ता तुहा. मंग खोटं कसं म्हणावं?"

मागल्या वर्षी घराच्या छपराचा पाखा पडला तेव्हा मी त्याला खरी चिठ्ठी लिहिली होती. तिच्यात 'चरणी' नव्हतं. तिचं उत्तर आलं नव्हतं.

सासू आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, चिठ्ठी हिनं लिहिली नाही तर हिच्या अंगात शिरून कोणी तरी लिहिली असेल, हिला जामसांवलीला मारुतीकडं नेऊ. मी म्हटलं, "मामी, जे माह्या अंगात शिरून राहिलं त्याचं अक्षर माह्याहून चांगलं हाय. राहू द्या त्याले." भाऊ हसला. मग मला एकदम काहीतरी उमगलं आणि मी हसायची थांबले. त्यानं पैसे नेहमीच्या पत्त्यावर पाठवले. नेहमीचा पत्ता म्हणजे हे घर. मग ते आले कुठं?

डाकिया गल्लीच्या तोंडाशीच होता. मी त्याची सायकल मागून धरली.

"माही मनिऑर्डर कुठी हाय?"

"तुमची डाक तं पांढुर्ण्याले जाते, बाई," तो म्हणाला. "तुम्हीच लिहून देल्लं ना. कार्ड हाय हापिसात. आता पांढुर्ण्याले राहतो, डाक तिकडं धाडा म्हणून."

"मी इथं राहतो! रोज तुह्यासमोर उभी राहून इचारतो!"

"तुम्ही इचारता, काही हाय काय. माह्या झोऱ्यात नसते, मी नाई म्हणतो. कुठी जाते ते तुम्ही इचारलंच नाई."

"अन् तुले दिसत नव्हती मी?"

"दिसत होती ना. पण पत्त्याचं काम कागदावर असते, बाई. माणसाचं काय, माणूस कुठीही उभा राहते."

त्याच संध्याकाळी ठेकेदाराची भाचेसून आपल्या पायांनी ओट्यापर्यंत आली. सौंसरहून कळलं म्हणे, आदेश केव्हाचेच निघाले. सोमवारपर्यंत कोणी कागद घेऊन हजर झालं नाही तर तिला बोलावणार होते. "मले वाटलं, काकूंना सांगून द्यावं," ती म्हणाली. त्या दिवशी शुक्रवार होता. नवरा संत्र्याच्या वाडीतून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही तू केली, निस्तर तूच," आणि त्यानं भावानं आणलेलं एक संत्रं सोललं. आंबट आहे म्हणाला.

शनिवारी सकाळी मी, भाऊ आणि सासू डाकघरात गेलो. बातमी फुटली होती, म्हणून मागून आळीतल्या बायकाही आल्या. रस्त्यानं त्यांनी मला सरळच ऐकवलं की तू सही केलीस म्हणून आम्ही अंगठे दिले. खरंच होतं.

पोस्टमास्तरांनी कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढला आणि माझं वर ठेवलं. सगळ्यांचा नवा पत्ता एकच, पांढुर्ण्यातलं एक चहाचं हॉटेल, असं ते म्हणाले.

"ये दस्तखत आपके हैं?"

"हाय."

"तो फिर?"

"दस्तखत माहे हाय. वरचं लिहिलेलं माहं नाई."

"बिना पढ़े दस्तखत कर दिए?"

"कोरं होतं, साहेब. कोरं काय वाचू?"

मी विचारलं, एका आळीतल्या सगळ्या बायका एकदम पांढुर्ण्याला राहायला गेल्या, तेही एका चहाच्या हॉटेलात, हे तुम्हाला विचित्र वाटलं नाही? ते म्हणाले, जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या कामाला गेल्या असतील असं वाटलं. त्या डाकघरात मागितलेलं तिकीट मिळायला दोन चकरा लागायच्या. हे काम मात्र त्यांनी एका दिवसात केलं होतं, कारण कागद बरोबर होता.

मग ते कार्ड मोठ्यानं वाचायला लागले. माझं नाव वाचलं, गावाचं वाचलं, आणि "पत्नी श्री" म्हणून पुढं माझ्या सासऱ्याचं नाव वाचलं.

सासूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"काय म्हणे तो?" तिनं मला विचारलं.

"मामी, तुम्ही ऐकलं ना."

"हे तं माहं हाय!"

पोस्टमास्तर गोंधळले. "क्या आपका है?"

"हे! तुम्ही आत्ता वाचलं ते! ते माहं हाय, हिचं नाई!"

भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

त्या चोरानं शब्द पाळला होता. दारावरच्या पाटीवरून नाव उतरवलं होतं. पण आमच्याकडं घरपट्टीची पत्र्याची पाटी असते ती घराच्या मालकाच्या नावाची, म्हणजे सासऱ्याची. असं करून त्यानं अख्ख्या आळीची लग्नं सासऱ्यांशी लावली होती. एकीच्या दारावर अजून आजेसासऱ्याचं नाव होतं. ती त्याची बायको झाली होती आणि तो तिच्या लग्नाआधीच वारला होता. एक भाड्यानं राहायची. तिच्या दारावर पाटीच नव्हती, भिंतीवर निवडणुकीतल्या उमेदवाराचं नाव रंगवलेलं होतं. ती पडलेल्या उमेदवाराची बायको निघाली. ती म्हणाली, "माय वो, मी तं त्याले मतही नाई देल्लं!"

मला वाटलं, चला, खोटं उघडं पडलं. पोस्टमास्तरांना तसं वाटलं नाही. ते म्हणाले, "मतलब कार्ड वाली महिला और आप अलग-अलग हैं. फिर अर्जी आप वापस नहीं ले सकतीं. वही महिला ले सकती है."

"ती बाई हायच नाई, साहेब."

"तो अर्जी किसने दी?"

"तेच तं मी इचारून राहिली!"

आमची डाक दुसरीकडं वळवायला त्यांना कोणाची ओळख लागली नव्हती. ती परत वळवायला मी मीच आहे हे सिद्ध करायचं होतं. शेवटी भावानं त्यांच्याशी नागपुरी हिंदीत पुष्कळ डोकं लावलं, तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, बयान घेतो. दोन साक्षीदारांसमोर पतीचं नाव सांगा.

मी म्हटलं, लिहून देतो.

"लिखके तो आपने पहले भी दिया था," ते म्हणाले. "इस बार मुँह से."

सासू पुढं झाली. "मी सांगतो ना. माहाच पोरगा हाय."

"नहीं. यही बोलेंगी."

मागं सगळी आळी उभी होती. तिकिटाला आलेले दोन पुरुषही थांबले होते, त्यांना फुकटात पाहायला मिळत होतं. माझ्या लग्नाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी त्याला 'अहो' म्हणायची, 'ऐकलं काय' म्हणायची, रागात पुष्कळ काही म्हणायची, पण नाव नाही. मी सासूकडं पाहिलं. ज्या बाईनं मला उंबरठ्यात पाय ठेवल्याबरोबर ही शिस्त लावली होती, ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "घे नाव! पाहून काय राहिली? ह्या वयात मले सवत नाई पायजे!"

मी घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही म्हणे. नवरा त्या वेळी वाडीत झाडाखाली झोपला होता. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, आणि शेवटी गेला तो विडीनं.

माझं झाल्यावर बाकीच्या पुढं आल्या. काहींनी तोंडातल्या तोंडात सांगितलं. आमच्या शेजारणीला साधं नाव घेणं जमेना. तिनं खिडकीला हात टेकून, लग्नमंडपात उभी असल्यासारखी, म्हटलं:

"लाल पेटीचं उघडलं तोंड,
आमच्या ह्यांचं नाव घेते, साहेब, आता तरी डाक सोड."

पोस्टमास्तर पेन धरून बसले होते. "इसमें नाम कौन सा था?"

नाव नव्हतंच. तिला पुन्हा घ्यायला लावलं.

पोस्टमास्तरांनी बयानं लिहिली, शिक्के मारले आणि सांगितलं की आजपासून तुमची डाक इथंच मिळेल. "अन् जी पांढुर्ण्याले गेली ती?" मी विचारलं. ते म्हणाले, त्याबद्दल आम्ही तिकडं लिहून पाठवू. कसं पाठवाल? "डाक से," ते म्हणाले.

सोमवारची मुदत होती. आम्ही तिथं थांबलो नाही.

भाऊ नागपूरला परत गेला. त्याला नोकरी होती, आणि गेलेले पैसे बायकोला कसे सांगायचे हा घोरही होता. ठाण्यात रिपोर्ट देऊ म्हणाला होता, ती त्यानं वाटेत दिलीही. शिपायानं चोराचं काहीच न विचारता ह्यालाच विचारलं, तू शिकलेला माणूस, पैसे धाडलेच कसे? तो चोर काही सापडला नाही.

रविवारी मी आणि सासू पांढुर्ण्याच्या मोटारीत बसलो. तिला मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "माह्या नवऱ्याच्या नावानं काय काय आलं ते मले पाहू दे." कार्डावर लिहिलेलं चहाचं हॉटेल स्टेशनकडच्या रस्त्यावर होतं. हॉटेल म्हणजे चार बाक, एक भट्टी आणि भज्यांची कढई. मालक जाडजूड, गळ्यात पंचा. मी विचारलं, आमच्या गावच्या बायकांची डाक इथं येते काय?

"येते ना," तो म्हणाला. "एक जण सांगून गेला, भाऊ, डाक आली की घेऊन ठेवजो. येते तो मधून मधून. संग एक बाई असते. मनिऑर्डरवाला आला की ती अंगठा देते. पंधरा दिवस झाले, आला नाई."

"अन् चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्या तो नेत नाई. म्हणे कामाच्या नाई." त्यानं बाकाखालचा टिनाचा डबा पायानं पुढं ढकलला. आत आळीभरच्या चिठ्ठ्या होत्या. कोणाचा नवरा कामठीहून लिहीत होता, कोणाची आई मुलताईहून. फसवणाऱ्यानं उघडूनही पाहिल्या नव्हत्या. मी सगळ्या चाळल्या. सरकारी लिफाफा नव्हता.

"मोठा लिफाफा आला होता काय? खाकी?"

"मोठे कागद डब्यात नाई ठेवत," तो म्हणाला. "अंतर्देशीत भजे बसत नाई ना, बाई. मोठे कामी येतात."

त्यानं हनुवटीनं भट्टीकडं दाखवलं. भिंतीला वाकडी तार लटकत होती आणि तिच्यात कागद ओवलेले होते: वर्तमानपत्रं, शाळेच्या वह्यांची पानं, कोणाची तरी पत्रिका. एक गिऱ्हाईक समोरच बसून भजी खात होतं. त्याच्या हातातला कागद पाहायला मी अशी वाकले की त्यानं पुडी छातीशी धरली. मग मी तारेकडं गेले.

"थांबा," मालक म्हणाला. "हात नका लावू. ज्याच्या नावाची डाक त्यालेच देईन. इमानदारीचा धंदा हाय माहा."

"भजे बांधून देता तेव्हा नाव पाहता काय?"

"ते वेगळं. मागाले आलं की वेगळं. तुम्ही कोण? कोणाची बायको?"

मी नवऱ्याचं नाव सांगितलं. त्याचा प्रश्न पुरता व्हायच्या आत सांगितलं. माझं संपायच्या आत माझ्या मागून सासूचा आवाज आला. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिनं माझ्या सासऱ्याचं नाव घेतलं, खणखणीत, पांढुर्ण्याच्या भर रस्त्यावर. मग थोडी थांबली आणि परत एकदा घेतलं. आवडलं असावं. हॉटेलवाला म्हणाला, "बरं बरं, आजी, दोघीच हाय ना तुम्ही? अजून कोणाचं नाव नाई घ्यायचं?"

तारेवरून कागद काढता काढता माझे हात तेलकट झाले. आदेश खालून तिसरा निघाला. लिफाफा आधीच कोणाच्या तरी भज्यांबरोबर गेला होता. आदेश राहिला होता, त्याला मधोमध तारेचं भोक होतं, आणि भोक बरोबर साहेबाच्या सहीतून गेलं होतं. नाव माझं होतं. नवऱ्याचंही बरोबर होतं. मुदत सोमवारचीच होती.

मी तो घडी घालून चोळीत ठेवला. डबा उचलला. मालक म्हणाला, डबा माझा आहे. मग चिठ्ठ्या पदरात घेतल्या.

"पण मंग तो शेट कोण होता?" त्यानं विचारलं.

"चोर," सासू म्हणाली.

"नाई व माय," तो म्हणाला, "चाय पिऊन पैसे देऊन जाय ना बा."

सोमवारी मी सौंसरच्या कचेरीत कुलूप उघडायच्या आधी पोचले. व्हरांड्यातल्या बाकावर ठेकेदाराची भाचेसून आधीच बसली होती, नवी साडी नेसून, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. मला पाहून ती उठली नाही, फक्त पिशवी दोन्ही हातांनी धरली.

बाबू आला. मी आदेश त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो दोन बोटांनी उचलला.

"हे काय आहे?"

"आदेश."

"हे भोक कशाचं?"

"तारेचं."

त्यानं कागद नाकाजवळ नेला. "आणि हा वास?"

"भज्यांचा."

तो म्हणाला, हा कागद चालणार नाही, सहीच राहिलेली नाही. दुसरी प्रत मागवायला अर्जी करा, ती डाकेनं घरी येईल. मी म्हटलं, "डाकेचं नाव नका काढू, साहेब," आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. त्याच्या टेबलापासून दारापर्यंत जायचा रस्ता तेवढाच होता. तो म्हणाला उठा. मी म्हटलं, ह्या कागदाची जोडी तुमच्या कपाटात आहे, ती काढा, दोन्ही जवळ जवळ ठेवून पाहा, मग मी उठते. त्याला चहाला जायचं होतं. माझ्या अंगावरून ओलांडून जाणं त्याला जमलं नाही. त्यानं कपाट उघडलं. जोडी निघाली. कागद जुळले. नाव वाचलं, नवऱ्याचं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. सही करण्याआधी मी वरची ओळ पूर्ण वाचली. बाबू पेन हलवत म्हणाला, "अहो, करा ना, मी काय फसवून राहिलो?" मी खालचीही ओळ वाचली, मग सही केली.

बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

मंगळवारी सकाळी अंगणवाडीची खोली उघडली. आत छतापर्यंत सरपंचाच्या बैलांच्या चाऱ्याचं कुटार भरलेलं होतं. मी पदर खोचला आणि ते टोपल्यानं रस्त्यावर फेकायला सुरुवात केली. पोरं दाराशी जमली, मग त्यांच्या आया जमल्या, आणि थोड्या वेळानं सरपंच ओरडत आला. मी त्याला दुसरं टोपलं दिलं.